मागची सीट

"पेशंट नको हं, बाई. त्यातल्या त्यात अडलेली बाळंतीण तर नकोच. कव्हरं नवी आहेत," फुलचंद म्हणाला. यवतमाळच्या मोटार दुकानानं त्याला गाडी दाखवायला घाटंजीला पाठवलं होतं. ठरल्यापेक्षा तो तीन तास उशिरा पोचला होता.

"आज तपासणी. यवतमाळपर्यंत," विमलताई म्हणाल्या आणि मागच्या सीटवर शिरल्या.

"पुढं बसा की."

"पेशंट मागं असतो."

जानेवारीचा गारठा होता. अंगाभोवती जाड शाल लपेटून, गुडघे दुमडून त्या कुशीवर टेकल्या. सीट वीतभर अपुरी पडत होती.

विमलताई घाटंजीच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूल आडवं असलं की घाटंजीत काही करता येत नसे. यवतमाळच गाठावं लागे. गेल्या पोळ्याला अशीच अडलेली सोनीबाई वाटेतच, बैलगाडीत दगावली. तेव्हापासून विमलताई दवाखान्यासाठी मोटार मागत होत्या. एवढीशी गाडी या रस्त्यांवर बाईला वेळेत पोचवील का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं: बारा. मग दहा.

"मैल मोजता का?"

"मिनिटं. जरा जोरात घ्या."

नाल्याजवळ कापसाच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. बैलगाडीची चाकं रुंद, हिची अरुंद. एक चाक चाकोरीत गेलं, दुसरं वरच राहिलं. गाडी कलंडली आणि बसली.

फुलचंदनं हाका मारल्या तसे तांड्यावरचे लालसिंग, शंकरसिंग आणि आणखी दोघं आले.

"एवढीच मोटर? आमची कालवड हिच्याहून भारी हाय," लालसिंग हसला. "बाई, उतरा खाली. उचलून ठेवतो."

"पेशंट उतरतो का? माझ्यासकट उचला."

"लयच कडक तपासणी हाय बा!"

म्हातारी धुरपताबाई काचेतून डोकावली. क्षणभर पाहत राहिली. मग गड्यांवर खेकसली, "हळू रे! दणका बसला तं याद राखा!"

चौघांनी गाडी अलगद उचलून पलीकडे ठेवली. जीप असती तर बैल आणावे लागले असते. विमलताईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती. वहीत आकडा पडला: सहा.

"हे लिहा बरं का, बाई! उचलता येते!" फुलचंद खुशीत म्हणाला.

विमलताईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. पुढचे आकडे वाकडे आले. चार. तीन.

"आता थेट मोठ्या दवाखान्यात. फाटकातून आत घ्या."

"तपासणी दुकानापाशी संपते, बाई."

"आत घ्या, फुलचंद."

पायरीपाशी त्यानं इंजिन बंद केलं आणि वळून विचारलं, "मग? झाली का पास?"

"झाली. स्ट्रेचर घेऊन या."

"पण पेशंट कुठं आहे?"

"कव्हर ओलं झालंय, माफ करा," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी पोटावरची शाल बाजूला केली.