जुन्या मशीनवरची चाचणी

“बाबा, आज मशीन अडकलं तर बंद करू नका. आहे तसं राहू द्या,” बुटाची नाडी आवळत संघपाल म्हणाला. “नेमकं कुठं अडकतं ते मला बघायचंय.”

“अरे, मग माउससुद्धा हलत नाही. नुसतं तापत बसतं. बटण दाबल्याशिवाय करू काय?”

 तो डबा घेऊन निघाला.

संघपाल चितेगावच्या एका कंपनीत पगारासाठी राबायचा आणि उरलेल्या वेळात जगासाठी फुकट. देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही मोफत मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यासाठी त्यानं थ्रेडिंग लायब्ररी, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं सांभाळणारा प्रोग्रामचा भाग, लिहिली होती. ती मुख्य आवृत्तीत गेली, की जर्मनीतली एक कंपनी त्याला नोकरीवर घेणार होती. या आवृत्तीचं दार आज संध्याकाळी बंद होणार होतं. पुढचं दार वर्षानं उघडणार, आणि तोवर जर्मन माणूस काही थांबत नाही.

घोडं पेंड खात होतं ते चाचणीपाशी. संघपालच्या लॅपटॉपवर लायब्ररी सुरळीत चालायची, दुसऱ्या मशीनवरून मात्र दर वेळी अडकल्याचाच निकाल यायचा. पण ‘माझ्याकडं तर चालतंय’ हे वाक्य जगातल्या यच्चयावत प्रोग्रामरांना पाठ असतं. म्हणून तिथला नियमच होता, की लिहिणाऱ्याच्या शब्दाला किंमत नाही. दुसऱ्या माणसानं दुसऱ्या मशीनवर चाचणी चालवायची आणि स्वतःच्या नावानिशी निकाल सांगायचा.

दुसरं मशीन म्हणजे कपाटाशेजारचा जुना कॉम्प्युटर. दुसरा माणूस म्हणजे बाप. निवड चोख होती. पुंडलिकरावांची उभी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. सख्ख्या मेहुण्याच्या मीटरचा आकडाही त्यांनी कधी खोटा लिहिला नव्हता. मेहुणा अजून बोलत नाही.

त्यांनी चाचणी सुरू केली, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी पाहिलं आणि पडद्यासमोर खुर्ची ओढली.

दुपारी शेजारचे कडुबा आले. “जयभीम, पुंडलिकराव. काय म्हणतंय पोराचं मशीन?”

“चाललंय.”

“ते धाग्याचं काय सांगत व्हते तुमी?”

“कॉम्प्युटरात एकाच वेळी शंभर कामं चालतात. एकेक काम म्हणजे एकेक थ्रेड, धागा. याचं झालं की त्यानं करायचं, त्याचं झालं की यानं. कधी दोघंही एकमेकांची वाट बघत थांबतात. मग सगळंच ठप्प.”

“म्हंजी आमची भावकी.”

“तसंच काहीसं.”

“अन् आज पास झालं तर पोरगं जर्मनीला?”

“जाणारच. शहागंजातून चाकाची बॅग आणून ठेवलीय मी. चांगली घासाघीस करून.”

“लई लांब पडतंय पन.”

“विमानानं जातात, कडुबा. चालत नाही.”

कडुबा हसले, चहा प्याले आणि शेळ्या सोडायला गेले.

चार वाजता संघपालचा फोन आला. मागं कंपनीची यंत्रं धडधडत होती.

“चाललंय का?”

“अजून चाललंय.”

“बाबा, आज अडकलं तर मी सोडून देणार. जर्मनीवाल्यांना नाही म्हणून कळवतो. कोडमधली इतकी कुलपं बदलली, इतकं उलटंपालटं केलं, तरी दोष सापडत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे.”

“असं बोलू नये.”

“माझ्याकडं चालतं हो ते.”

“सगळेच असं म्हणतात, तूच सांगितलं होतंस.” पुंडलिकरावांनी मेथीची जुडी पुढं ओढली. “मेथी आणलीय. भाकरी करू का पोळ्या?”

“काहीही करा.”

पुंडलिकरावांनी मेथी निवडायला घेतली. एक डोळा पडद्यावर, एक परातीत. उन्हं भिंतीवरून सरकत माळ्यावरच्या बॅगेपर्यंत गेली. मशीनच्या पंख्याची घरघर थांबली तेव्हा त्यांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि पडद्याजवळ वाकून शेवटची ओळ सावकाश वाचली. मग बटण दाबून मशीन बंद केलं आणि फोन लावला.

“संघा,” ते म्हणाले, “अडकलं रे.”

ओळ हिरवी होती, दर वेळी यायची तशीच: सर्व चाचण्या उत्तीर्ण.