साळूच्या खोलीतलं बटण

"बटण हितनं काढा आन् भिंतीपल्याड माझ्या खोलीत बसवा," रंभाबाई म्हणाली. "दिवा राहू द्या तिच्याकडंच. मला त्याची हाव न्हाई."

जयसिंग मिस्त्रीने धाकट्या सवतीच्या, म्हणजे साळूबाईच्या खोलीतल्या त्या पितळी बटणाकडे पाहिलं. मग रंभाबाईने पुढे ठेवलेल्या पायलीभर आंबेमोहराकडे पाहिलं, आणि काम अवघड नाही असं सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून येऊन हा दिवा त्यानेच बसवला होता. आज ठरल्याप्रमाणे तो बघायला आला होता. मालकांना विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पण मालक हैबतराव भर दुपारी ओसरीवर घोरत होते.

अख्ख्या रिहे गावात विजेचा दिवा हा एकच. मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली पडतं आणि मुंबईत दिवे लागतात, हे कळल्यापासून हैबतरावांना घास गोड लागेना. मुंबईशी त्यांचं वैर नव्हतं. ते तिथे एकदाच गेले होते, आणि छत्री हरवून आले होते. पण पाणी आपल्या मुलखाचं आणि उजेड त्यांच्या घरात, हे त्यांना सोसवेना. म्हणून त्यांनी एका बुडालेल्या तंबू-सिनेमाचं रॉकेलवर चालणारं इंजिन आणि डायनामो आणला, आणि गोठ्यापलीकडच्या छपरात मांडला. हे इंजिन आपलं आपण चालतं, जवळ माणूस लागत नाही, असं त्यांनी चावडीवर सांगितलं होतं. घरातही तेच सांगितलं होतं.

दिवा साळूच्या खोलीत लागला. रंभाबाईने कारण विचारलं नाही. कारण तिला दिसत होतं. साळू मागच्या माघात लग्न होऊन आली होती आणि रंभाबाईला या घरात वीस वर्षं झाली होती.

दिवा लागल्यापासून रंभाबाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. साळूच्या खिडकीचा चौकोनी उजेड अंगणात पडायचा, तो पहाटेपर्यंत हलायचा नाही. इंजिनाच्या फटफट आवाजात बोलणं काही ऐकू येत नसे, त्यामुळे ते तिला स्वतःच रचावं लागे. पंधरा रात्रींत तिने साळूची आणि मालकांची बरीच संभाषणं रचली. त्यांतल्या एकातही साळू तिच्याबद्दल बरं बोलली नव्हती. पुरावा तर दिवसाढवळ्या घरात फिरत होता. मालक सकाळी तांबडे डोळे घेऊन ओसरीवर येत आणि आडवे होत. साळू जात्यावर बसल्या बसल्या पेंगे. मालकांच्या सदऱ्याला रॉकेलचा वास यायचा. विजेखाली फार वेळ बसलं की तो येत असावा, असं रंभाबाईने ठरवून टाकलं होतं.

आता बटण आपल्या हातात आलं की संध्याकाळी जेवणं झाली रे झाली, एका बोटात सवतीच्या खोलीत अंधार करायचा, एवढाच तिचा बेत होता.

मिस्त्रीने बटणाचं पितळी झाकण काढलं आणि आत पाहून जीभ चावली. तारेवरचं रबर सोललेलं होतं आणि उघडी तार झाकणाला टेकलेली होती. चूक कुणाची, ते त्याने सांगितलं नाही. बसवणारा तोच होता.

"ह्याला रोज हात लावता?" त्याने विचारलं. "झटका नाही बसत?"

दारात उभी असलेली साळू तेव्हा पहिल्यांदा बोलली. पहिल्याच रात्री दिवा मालवायला गेली तेव्हा बसला होता, पार खांद्यापर्यंत. तेव्हापासून तिने बटणाला बोट लावलं नव्हतं, ते चालूच राहिलं होतं. संध्याकाळी इंजिन सुरू झालं की दिवा आपोआप पेटे, आणि मग पहाटे तो विझेपर्यंत ती त्याच्याखाली बसून राही. डोळ्यांवर पदर घेतला तर उजेड पदरातून येई.

"मग मालकांना सांगायचं की," रंभाबाई म्हणाली.

"कवा सांगू, आक्का? दिसा चारचौघांत नवऱ्याशी बोलायची रीत न्हाई. आन् रातीचं तर ते तुमच्याकडं असत्यात."

"माझ्याकडं?"

"तुमच्याकडं अंधार असतोया. म्हटलं, हितं न्हाईत तर तितंच असतील."

मिस्त्री खाकरला. दिवा मालवल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही आणि चालतं इंजिन सोडून जागचं हलायचं नाही, असं आपणच हैबतरावांना बजावल्याचं त्याने सांगितलं. मालक शब्दाचे पक्के, असंही तो पुढे म्हणाला. दिवा मालवायची वाट बघत बसत असतील छपरात. पहाटे रॉकेल संपलं की सुटत असतील.

तिघांनी ओसरीकडे पाहिलं. हैबतराव उशाशी इंजिनाच्या तेलाची बुधली घेऊन झोपले होते.

"पण मग दिवा हिच्याच खोलीत का लावला?" रंभाबाईने विचारलं.

"तार इथवरच पुरली," मिस्त्री म्हणाला.

पंधरा रात्रींची संभाषणं रंभाबाईला एकेक करून परत घ्यावी लागत होती.

"आता नवं बटण बसवतो, झटका-बिटका काही नाही," मिस्त्री म्हणाला. "साळूवहिनींकडंच ठेवू का? जेवणं झाली की एका बोटाचं काम. मालक घटकाभरात घरात."

रंभाबाईने साळूकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. मग तिने ओसरीकडे पाहिलं.

"ठरलंय तसंच. माझ्याकडं," ती म्हणाली. "आन् साळे, आजपासनं तुझी वाकळ घेऊन माझ्या खोलीत ये निजायला. अंधारात झोप चांगली लागती."

"आन् दिवा, आक्का?"

"जळंना का रातभर. मालकांनी लई हौसेनं आणलाय."