संशयित पाऊलखुणा

वाळूतलं पाऊल बघून माणूस ओळखणारा खेताराम सव्वीस वर्षं जैसलमेरच्या एका सीमाचौकीवर होमगार्ड होता. तरी दरवर्षी सरकार त्याला दोन महिने घरी बसवायचं. नोकरी सलग भरली तर उद्या कायम करा म्हणेल! शेवटी तो हायकोर्टात गेला. तिथे सरकारी वकील गुरकावला, "त्या दोन महिन्यांत हा चौकीवर कामाला आल्याचा एक तरी कागद दाखवा!"

पुढची तारीख पडली आणि खेताराम पुन्हा घरी बसला. दोन महिने सरत आले तशी चौकीच्या साहेबांची जीप दारात.

"खेताराम, रोज पहाटे कुणीतरी गावाकडून चौकीपर्यंत येऊन जातंय. मी रोज वर रिपोर्ट पाठवतोय. बघ बरं, कोण हरामखोर आहे तो."

"तारखेनिशी पाठवलेत ना, हुकम?"

"तारीख, वेळ, सही, शिक्का. सगळं."

खेताराम चौकीबाहेरच्या वाळूत उकिडवा बसला. "पन्नाशीचा गडी. डोक्यावर चाऱ्याचा भारा. डावा पाय ओढत चालतो."

"अरे, नाव सांग नाव!"

"मीच की, हुकम. चौकीची ती उंटीण, तुमची सांडणी, दुसऱ्या कुणाच्या हातचं खाते का?"

खेताराम गुडघे झटकत उठला.

"जरा दाबूनच पावलं टाकत होतो. म्हटलं, तुमच्या रिपोर्टात यायला हवीत."