खंडेनवमीचा मान

"मॅडम, असाल तशा या. कॉम्प्युटरचं काम आहे." सूतगिरणीच्या शिंत्रेअण्णांनी फोन ठेवला.

वैजयंती हातातलं काम टाकून तशीच निघाली. एका बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर या स्टोअरकीपरने महिन्याभरात हाकललं होतं. मग तिने पंधरा दिवस अण्णांशेजारी स्टूल टाकून, त्यांच्या रजिस्टरच्याच क्रमाने नवं लिहून दिलं. तरी रजिस्टर काही त्यांच्या काखेतून सुटत नव्हतं. हेही नापास झालं, तर तिच्या दोन माणसांच्या ऑफिसला कुलूपच.

धापा टाकत ती स्टोअरमध्ये शिरली. खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. दरवर्षी रजिस्टरला मिळणारा झेंडूचा हार यंदा कॉम्प्युटरला घातला होता आणि समोर ताट घेऊन अण्णा खोळंबले होते.

"बिघडायला नको म्हणून बोलावलं," ते म्हणाले. "हळदकुंकू नेमकं कुठं लावू?"