हात वर, चिठ्ठी आत

“चिठ्ठ्या हव्यात. गुप्त मतदान घ्या!”

मेंगिया ताडकन उठली, तेव्हा ग्रामसभेतले हात अजून वरच होते आणि दोघा मोजणाऱ्यांचे आकडे जुळत नव्हते. एकाचे साठ, दुसऱ्याचे त्रेसष्ट. ठराव पास व्हायला सत्तर लागत होते.

ठराव एवढाच, की बालवाडीच्या रस्त्यावर गाड्यांनी ताशी तीसच्या वर जायचं नाही. गावची रीत अशी, की पाच वर्षांची पोरंही एकटीच चालत बालवाडीत जातात, गळ्यात केशरी पट्टा घालून. मागच्या महिन्यात ओंडक्यांच्या ट्रकनं मेंगियाच्या लेकीचा, आइताचा पट्टा ओरबाडून नेला. पोर वाचली ती नशिबानं.

आणि ज्याचे ते ट्रक, तो लाकूडगिरणीचा मालक, म्हातारा दूरी, पहिल्या रांगेत मान वळवून, कोणाकोणाचा हात वर आहे ते निवांत न्याहाळत होता. म्हणे स्वित्झर्लंडची थेट लोकशाही! गाईंची शिंगं राखावीत का यावरसुद्धा मत देणारा देश, आणि गिरणीवाल्याच्या भुवईला घाबरतो!

“मेंढरं आहेत नुसती,” शेजारी बसलेला तिचा नवरा पुटपुटला. फ्लुरिन दुधाची गाडी चालवायचा. रोज उशीर आणि रोज याच रस्त्यानं धावपळ. आत्ता त्याचा हात सगळ्यांत उंच होता.

“हात निदान दिसतो तरी गं,” सरपंचबाई म्हणाल्या.

“दिसतो म्हणूनच नको!”

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. पेन घरीच राहिलं होतं. मेंगियानं पर्समधून आइताचा जांभळा खडू काढला, तळहाताच्या आडोशानं ‘हो’ लिहिलं आणि खडू फ्लुरिनला दिला.

“झाकून लिही. दूरी बघतोय.”

“बघू दे की म्हाताऱ्याला!” तो हसला. लिहून झाल्यावर त्यानं खडू परत दिला. तिनं तो मुठीत घट्ट धरला.

सरपंचबाईंनी निकाल वाचला. हो, एकोणीस. नाही, एकशे वीस.

दूरीच आधी चमकला. “अहो, मी तर कुणाला काही बोललोसुद्धा नव्हतो!”

“पुन्हा मोजा!” मेंगिया टेबलाकडे धावली. सरपंचबाईंनी दोन्ही ढीग तिच्यापुढं सरकवले. लहान ढिगात तिची चिठ्ठी वरच होती. मोठा ढीग ती एकेक करून उलटू लागली. निळी अक्षरं. काळी. निळी. पुन्हा निळी.

मग एक जांभळं.