विश्रांती घेणारे कुस्तीगीर

"हे दोघे कुस्तीगीर," गाईडने छडी दगडाकडे रोखली. "कुस्ती संपलीय. आता विश्रांती."

शिल्पातल्या एका पुरुषाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर होतं आणि दुसऱ्याची बोटं पहिल्याच्या केसांत. इतकी प्रेमळ कुस्ती कुठे झाल्याचं ऐकिवात नाही. पण पाटीवर तसं लिहिलं होतं. पाटी परक्या साहेबाने लावलेली. पुढे साहेब गेला, देश आपला झाला, रस्त्यांची नावं बदलली, चौकातले पुतळे बदलले. या पाटीचं मात्र नुसतं भाषांतर झालं.

एकतीस वर्षं गाईडने ती वाचून दाखवली. कोणी फिदीफिदी हसलंच तर तो डावाचं नावही सांगे. डाव त्यानेच शोधून काढला होता.

आज त्याची शेवटची फेरी. निवृत्त होणाऱ्याने ती घरच्यांना घडवायची, ही संग्रहालयाची रीत. त्याच्या घरचं म्हणजे एकच माणूस. शिंपी. बावीस वर्षं दोघं एका छपराखाली. शिंप्याने आज दुकान बंद ठेवलं होतं, गाईडच्या कोटाला नवी बटणं लावली होती आणि सकाळी चहा गाळताना विचारलं होतं, "आज तरी माझी नीट ओळख करून देशील ना?"

"देतो की. त्यात काय!"

फेरी शिल्पापाशी थांबली तेवढ्यात संचालक पुष्पगुच्छ घेऊन आले. मागे अख्खं ऑफिस.

"वा, वा! आणि हे कोण? भाऊ का?"

एकतीस वर्षांत गाईडला शब्द कधी कमी पडले नव्हते.

"हे... आमचे भाडेकरू."

"नशीबवान आहात! आमचे भाडेकरू फक्त कोर्टात भेटतात."

सगळे हसले. गाईडही हसला. शिंप्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून तो कोटाची बटणं चाचपत राहिला. एकेक बटण घट्ट बसलेलं होतं.

शिंपी शिल्पाकडे पाहत होता. त्याने पाटी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग कुठल्याही पाहुण्यासारखा हात वर करून त्याने अदबीने विचारलं,

"गाईडसाहेब, यातला भाडेकरू कोणता?"