बाबांचा नवा फोन

कागदाचा का होईना, पण फोन नवाच घ्यायचा, असं सू येन सिंगापूरहून निघतानाच ठरवून आली होती. बाबांच्या मित्रानं, तेक सेंगकाकांनी, आपल्या दुकानाच्या काउंटरवर दोन डबे ठेवले. एकात गेल्या वर्षीचा, दोन कॅमेऱ्यांचा. दुसऱ्यात यंदाचा, तीन कॅमेऱ्यांचा. दोन्ही पुठ्ठ्याचे, चकचकीत. सोबत चार्जरही कागदाचाच. चेंग बेंग या पितरांच्या सणाचा आदला दिवस, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या सगळं पेनांग शहर टेकडीवरच्या स्मशानात जाणार, थडगी झाडणार आणि आपापल्या गेलेल्या माणसांना कागदाची घरं, गाड्या, कोट, फोन जाळून पाठवणार.

"यंदाचाच घे," काका म्हणाले. "फरक तो किती? तीन रिंगिट. जुना पाठवलास तर तिकडे हसतील तुझ्या बापाला."

"हसताहेत! त्यांना हसायची कुणाची छाती आहे?" स्टुलावर टेकलेली आई म्हणाली. "भावजी, बटणांचा नाही का एखादा? जन्मभर तोच वापरला. नवा दिला की ठेवतील कपाटात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मेल्यावरही जायची नाही."

खरा फोन सू येनला कपाटातच तर सापडला होता. दोन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी घर सोडून निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "जातेस ना? मग फोन करू नकोस." तिनं राग गिळला, चांगला महागातला फोन पाठवला, आणि दर रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रिंग पुरी वाजायची आणि थांबायची. बाबांनी एकदाही उचलला नाही. सप्टेंबरात ते गेले. ती घरी आली तर फोन डब्यात जसाच्या तसा, पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"नवाच द्या," ती म्हणाली. "तिथे तरी उचलतील."

काकांचा हात डब्यावरच थांबला. "उचलतील म्हणजे? तूच तर बंद करायचीस."

"मी? काका, बाबांनी तो फोन उघडलाही नव्हता."

"कुणी सांगितलं? दर रविवारी साडेतीनला खिशात घालून इथे यायचा. वहिनी बसल्यात ना, त्याच स्टुलावर. घरी घेतला असता तर वहिनींसमोर नाक कापलं गेलं असतं."

आई ताठ झाली. "मला तर सांगायचे, पत्ते खेळायला जातो."

"पत्ते कसले आलेत! फोन पुढ्यात ठेवून घड्याळ बघायचा. ओरखडा पडेल म्हणून प्लास्टिकही काढू देईना. चारला रिंग वाजायची, तुझा फोटो यायचा. हा अंगठ्यानं दाबायचा. पुन्हा दाबायचा. तेवढ्यात तू बंद करायचीस. 'बघ,' म्हणायचा, 'अजून चिडलेलीच आहे. लावते, पण बोलत नाही.' मग कॉफी पिऊन उठायचा."

"मी बंद नव्हते करत हो. दाबायचा म्हणजे कसा?"

"कसा म्हणजे? असा." काकांनी तीन कॅमेऱ्यांचा फोन उचलला, त्यावर छापलेल्या हिरव्या गोलावर अंगठा टेकवला आणि जोर लावला. पुठ्ठ्याला खळगा पडला.

सू येन त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"काका, तो दाबायचा नसतो," ती कशीबशी म्हणाली. "सरकवायचा असतो. असा, बाजूला."

"सरकवायचा?" काकांनी गोलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. "मला काय ठाऊक, पोरी. माझाही बटणांचाच आहे."

"अहो, मग कुणाला तरी विचारायचं!"

"कोण, तुझा बाप? विचारणार?"

सू येनला रडू आलं, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत. एक बाई हातातला कागदी कोट तसाच धरून बघत उभी राहिली. आईनं दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते.

"बटणांचा द्या, काका," सू येन डोळे पुसत म्हणाली. "तो तरी त्यांना जमेल."

"काही नको," आई म्हणाली. "बटणांच्या फोनात तुझं तोंड कुठे दिसतं? अगं, दर रविवारी इथे काय बघायला यायचे ते? भावजी, तीन कॅमेऱ्यांचा बांधा. आणि खळगा पडलेला नको, दुसरा द्या."

सकाळी टेकडीवर धूरच धूर होता. दोघींनी थडग्यावरचं गवत काढलं, संत्री मांडली, कपभर काळी कॉफी ओतली. कागदाचं घर जळलं, कोट जळला. आईनं फोन उचलला.

"थांब," सू येन म्हणाली.

तिनं पर्समधून जाड पेन काढलं. हिरव्या गोलापासून उजवीकडे एक मोठा बाण काढला. त्याखाली, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या चिनी अक्षरांत लिहिलं : दाबू नका. सरकवा. मग जरा थांबून आणखी लिहिलं : रविवारी, चार वाजता.

आई खांद्यावरून वाकून वाचत होती.

"साडेतीन लिही," ती म्हणाली. "तेव्हापासून बसलेले असतात."